मुलांना 'नोह' दाखवायचंय, सुरुवात कुठून करू? (मुखवटे, भुतं आणि जांभया)

शमिका_निशीकसाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या. आम्ही टोकियोत निशीकसाईला राहतो, लेक दुसरीत आणि चिरंजीव चार वर्षांचे. तर झालं असं की लेकीच्या शाळेत नोहवाले (नोह म्हणजे जपानचं जुनं, मुखवटे घालून करायचं नाटक) एक काका येऊन गेले, त्यांनी मुलांना मुखवटा जवळून दाखवला, सगळ्यांना टाच न उचलता पाय घासत चालायला लावलं, आणि तेव्हापासून बाईसाहेब मोजे घालून घरभर सरपटतायत आणि 'आई मला खरं बघायचंय' हा जप चालू आहे. नवऱ्याचा साफ नकार, कारण लग्नानंतर हौसेने आम्ही एकदा गेलो होतो तेव्हा हा माणूस पहिल्या बासरीलाच झोपला. (शेजारचे जपानी आजोबा त्याच्याही आधी झोपलेले, तो भाग वेगळा.)

प्रश्न असे की सात वर्षांच्या मुलीला न्यावं का, गोष्ट आधी सांगून न्यावं की तसंच, आणि ते शिंगवालं तोंड बघून रात्री आमच्या पांघरुणात येऊन झोपायला लागली तर काय करायचं? धाकट्याचं तर विचारूच नका. जाणकारांनी कृपया लिहा.

गवतीचहा

मस्त विषय! मला काबुकी आणि नोह यातला फरकही माहीत नाही त्यामुळे खुर्ची टाकून बसले आहे.

खारूताई_क्योतो

शमिका, सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. पहिल्यांदा नोह दाखवायचं नाही, क्योगेन दाखवायचं. दोन्ही एकाच रंगमंचावर, एकाच कार्यक्रमात होतात, दोन्ही मिळून 'नोगाकु' म्हणतात आणि युनेस्कोच्या यादीतही ते जोडीनेच आहे. नोह म्हणजे भुतं, देव, वेडी झालेली आई, हरलेला योद्धा, आणि एकेक प्रयोग तास-दीड तासाचा. क्योगेन म्हणजे वीस-तीस मिनिटांचा फार्स, त्यात बहुतेक वेळा मुखवटा नसतो आणि भाषा जुनी असली तरी कान देऊन ऐकली की समजते. इथल्या मुलांना ते शाळेतही भेटतं, 'काकी यामाबुशी' सहावीच्या एका पाठ्यपुस्तकात आहे. त्यात एक डोंगरी साधूबुवा भुकेपोटी दुसऱ्याच्या झाडावर चढून 'काकी' नावाची फळं खातात, मालक येतो, त्याला दिसतं पण तो मुद्दाम म्हणतो अरे कावळा वाटतं, कावळा असेल तर ओरडेल, आणि बुवा काव काव करतात. मग माकड करून झालं की घारीची पाळी, आणि घार म्हटल्यावर उडायला नको का! बुवा उडतात आणि आपटतात. हे बघून न हसणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही, भाषा कुठलीही असो.

दुसरं म्हणजे 'बुसु'. मालक बाहेर जाताना दोन नोकरांना सांगतो की या पिंपात जहाल विष आहे, नुसता वारा लागला तरी मराल. असते साखर. दोघं पंख्याने उलटा वारा घालत घालत जवळ जातात, चाखतात, सगळी फस्त करतात आणि नंतर मालकाचं चित्र फाडून वाडगा फोडून ठेवतात, का तर तुमची वस्तू मोडली म्हणून मरायचं ठरवलं, विष खाल्लं, तरी मेलो नाही असं सांगता यावं.

आणि आवाज! क्योगेनमध्ये रंगमंचावर दार नसतं, करवत नसते, काहीच नसतं, नट तोंडाने करतो. दार सरकवताना 'सारा सारा सारा', करवतीला 'झुका झुका', साके (तांदळाची दारू) ओतताना 'दोबु दोबु', आणि कुत्रा भुंकतो 'ब्यो ब्यो'. हे घरी आधी खेळा. आमच्याकडे फ्रिजसुद्धा सारा सारा करत उघडतो.

मुखवटाच हवा असेल तर 'कामिनारी' शोध. विजेचा देव ढगातून खाली पडतो, कंबर मोडते, आणि एक अर्धवट वैद्य त्याला खिळ्याएवढी सुई टोचून बरा करतो. पैसे नाहीत म्हणून फी म्हणून देव 800 वर्षं दुष्काळ-पूर येणार नाही असं कबूल करून परत वर जातो.

नान्या_सदाशिव

हे सगळं ठीक, पण मूळ मुद्द्याला कोणी हात घालेल का? सहाशे वर्षांपूर्वीची भाषा, जपान्यांना स्वतःला कळत नाही, माणूस एक पाऊल टाकायला अर्धा मिनिट घेतो, आणि आपण सात वर्षांच्या पोरीला तिथे न्यायचं कशासाठी? फेसबुकवर फोटो टाकायला? मोठे झोपतात तिथे मुलांना 'संस्कार' म्हणून बसवणं याला मी छळ म्हणतो. मला लहानपणी शास्त्रीय गायनाच्या मैफिलीला असंच दामटून बसवायचे, आजही तंबोरा ऐकला की पायाला मुंग्या येतात.

शमिका_निशीकसाई

नान्या, अहो मी कुठे नेतेय, तीच मला ओढतेय :) पण मुंग्यांचा मुद्दा लक्षात ठेवला आहे.

जुना_रंगकर्मी

नान्यांना उत्तर खुद्द झेआमी देऊन गेला आहे, त्यामुळे आपण का वाद घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी चौदाव्या शतकात नोहला आजचं रूप दिलं. 1374 च्या सुमारास क्योतोत शोगुन (म्हणजे लष्करी राज्यकर्ता) योशिमित्सुने या बापलेकांचा खेळ पाहिला, तेव्हा झेआमी स्वतः बाराएक वर्षांचा पोर होता, आणि शोगुनने त्यांना आश्रय दिला म्हणून पुढचं सगळं झालं. (म्हातारपणी, 1434 मध्ये, दुसऱ्या एका शोगुनने त्याला सादो बेटावर हद्दपार केलं. राजाश्रयाचं हे असंच.) तर या झेआमीने 1400 च्या आसपास 'फूशिकादेन' नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्याचं पहिलंच प्रकरण कोणत्या वयात काय शिकवावं यावर आहे. सुरुवात सातव्या वर्षी, तेही त्यांच्या मोजणीने, म्हणजे आपलं पाच-सहा. आणि त्या वयाला काय करावं? तर काही नाही. मूल आपणहून जे करेल, नाचेल, गाईल, रागावल्याचं सोंग आणेल, ते त्याला त्याच्या मनाने करू द्यावं, हे चांगलं हे वाईट असं फार बोलू नये. जास्त दटावलं की मुलाचं मन उडतं, त्याला कंटाळा येतो आणि विद्या जागच्या जागी थांबते.

हे लिहिणारा माणूस पुढे चेहऱ्याची एक रेषही हलू न देता तासभर भूत उभं करण्याची कला शिकवणार आहे, हे लक्षात घ्या. त्यामुळे शमिकाताई, ती मोज्यांवर सरपटतेय ना, सरपटू द्या. 'असं नाही गं, पाठ ताठ' एवढं सुद्धा म्हणू नका.

चकली_विदाऊट_भाजणी

+१ जुना_रंगकर्मी. आमच्या भरतनाट्यमच्या क्लासवाल्या बाईंना हे प्रकरण छापून द्यायची इच्छा आहे.

सईची_आई

भीतीबद्दल लिहिते कारण आम्ही त्यातून गेलोय. आमची तेव्हा सहा वर्षांची होती आणि हान्या मुखवटा (तोच शिंगवाला) पोस्टरवर बघून तिने स्टेशनवर भोकाड पसरलं होतं. मग आम्ही घरी मुखवटाच करून बघितला. कागदावर छापलेला सपाट चेहरा उपयोगाचा नाही, तो कसाही फिरवला तरी तसाच दिसतो. फुगा फुगवून त्याच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवले, कपाळ, नाक, गाल, हनुवटी लगद्याने वर उचलली, पांढरा रंग दिला, तोंड किंचित उघडं ठेवलं. फार देखणा वगैरे झाला नाही पण काम झालं. खोलीत अंधार करून वरून एकच दिवा लावला आणि तिला म्हटलं, हा हातात धर आणि हळूहळू वर कर. वर केला की चेहरा उजळतो, हसल्यासारखा दिसतो. खाली केला की भुवयांची आणि गालांची सावली पडते, चेहरा दुःखी होतो. नोहमध्ये या दोन हालचालींना नावंच आहेत, वर तो 'तेरासु' आणि खाली तो 'कुमोरासु'. सई संध्याकाळभर तेच करत बसली, पप्पांना हसव, पप्पांना रडव.

हे कळल्यावर हान्याचा फोटो काढून बघितला, मी काही समजावलं नाही, तीच म्हणाली की आई हिचे डोळे रडतायत आणि तोंड ओरडतंय. बरोब्बर तसंच आहे ते! हान्या म्हणजे राक्षस नाही, मत्सराने जळून शिंगं फुटलेली बाई आहे, वरचा अर्धा चेहरा दुःखी आणि खालचा संतापलेला, आणि नटाने मान खाली घातली की राग दिसेनासा होऊन नुसतं रडणं उरतं. भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण आता ती 'बिचारी' या खात्यात आहे.

खरा मुखवटा कुठे जवळून बघायला मिळाला तर मुलांना मागची बाजू आवर्जून दाखवा. हिनोकी लाकूड कोरून करतात, आतून छिन्नीच्या खुणा असतात, आणि माणसाच्या चेहऱ्यापेक्षा तो लहान असतो त्यामुळे नटाची हनुवटी खालून चक्क दिसते. तरुण बाईच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी इवलीशी चौकोनी भोकं असतात. त्यातून बघून सईचा पहिला प्रश्न, 'मग हे काका पडत का नाहीत?'

खारूताई_क्योतो

सईला शंभर मार्क! तेच तर त्या खांबांचं काम आहे. रंगमंच साधारण सहा मीटरचा चौरस, चार कोपऱ्यांना चार खांब, वर चक्क मंदिरासारखं छप्पर (आधी सगळं उघड्यावर असायचं, नंतर छपरासकट उचलून इमारतीत आणलं). समोरचा डावीकडचा खांब नट भोकातून शोधतो आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखतो. खांब नसेल तर गडी प्रेक्षकात. पाय घासत चालण्यालाही याचा आधार असतोच, पायाखालची जमीन सुटत नाही.

मुलांना नाटकात काय शोधायचं हे आधी सांगितलं तर गोष्ट सांगायची फार गरज पडत नाही. डावीकडे लांब पूल आहे, त्याच्या टोकाला पाच रंगांचा पडदा, तो बाजूला सरकत नाही, खालून दोन बांबूंनी उचलला जातो, त्याच्यावर नजर ठेवायची. पुलाशेजारी पाइनची तीन छोटी झाडं असतात, जवळचं मोठं आणि लांबचं लहान, म्हणजे पूल आहे त्याहून लांब वाटतो. ढोलकवाले 'योsss' 'होsss' ओरडतात त्यात कोण आधी ओरडतो ते बघायचं. आणि आमच्याकडचा हिट किस्सा म्हणजे मोठ्या हातढोलाचं कातडं प्रयोगाआधी निखाऱ्यावर शेकून कडकडीत करतात आणि छोट्याला उलट तोंडाची वाफ देऊन ओलसर ठेवतात. दोघं शेजारी शेजारी बसतात, एक टणक कान् वाजतो आणि दुसरा मऊ पोन्.

नान्या_सदाशिव

बरं. ढोल शेकतात हे आवडलं. पण मग नोह कधी दाखवायचं? की जन्मभर साधूबुवा झाडावरच?

जुना_रंगकर्मी

नान्या लायनीवर येतायत.

माझ्या मते पहिलं नोह असं निवडावं ज्यात एकतर मूल असेल किंवा मारामारी असेल, दोन्ही असेल तर उत्तम. 'फुना बेनकेई' घ्या. योशित्सुने जहाजातून पळतोय, त्याने हरवलेल्या ताइरा घराण्यातला तोमोमोरी भूत होऊन समुद्रातून वर येतो आणि नागिनाता (लांब दांड्याचं पातं) फिरवत जहाजावर चाल करून येतो. जहाज म्हणजे नुसती एक चौकट, नावाडी मात्र असा काही वल्हवतो आणि लाटांना हाकलतो की मुलं नावाड्यावरच फिदा होतात. आणि गंमत म्हणजे योशित्सुनेसारखा मोठा योद्धा यात लहान मुलगा करतो. अशा बालनटांना 'कोकाता' म्हणतात. मुखवटा नसतो, चेहरा उघडा, आवाज खणखणीत एका पट्टीत. बसलेली लेक आपल्याएवढं कोणीतरी तलवार उपसताना बघते तेव्हा मोठ्यांनी शेजारून कुजबुजायची गरज नसते.

'त्सुचिगुमो' पण छान, कोळ्याचा राक्षस हातातून कागदी जाळ्यांचे झोत फेकतो, सगळा रंगमंच पांढरा होतो आणि मागे बसलेले सहायक शांतपणे ते धागे गोळा करत असतात. 'कुरामा तेन्गु'मध्ये सुरुवातीला मुलांची रांगच्या रांग फुलं बघायला म्हणून येते आणि थोड्या वेळाने निघून जाते, नोह घराण्यांतली बरीच पोरं पहिल्यांदा स्टेजवर येतात ती याच रांगेत. क्योगेनवाल्यांचं वेगळं, त्यांची सुरुवात माकडापासून. 'उत्सुबोझारु'मध्ये माकडाचा मुखवटा घालून तीन-चार वर्षांचं पोर क्या क्या करतं, आणि पुढे मोठेपणी कोल्ह्याची भूमिका पेलली की शिक्षण पुरं झालं समजतात.

'सुमिदागावा' मात्र लहानांना आधी नको. आई पळवलेल्या मुलाला शोधत नदीपाशी पोचते आणि पलीकडे त्याची समाधीच सापडते. रंगमंचावर समाधीचा ढिगारा म्हणून जे ठेवलेलं असतं त्याच्या आत बालनट सुरुवातीपासून, तासभर, चुळबुळ न करता बसून असतो, शेवटी आतून त्याचा आवाज येतो आणि मग तो दिसतो. झेआमीचं म्हणणं होतं की मूल दाखवूच नये, आईला भास होतोय एवढंच राहू दे. नाटक लिहिणारा त्याचा मुलगा मोतोमासा म्हणाला, मला ते जमायचं नाही. बापलेकांचा हा वाद लिहून ठेवलेला आहे. मला मोतोमासा बरोबर वाटतो, पण माझ्या मताला विचारतो कोण.

मोखाड्याचा_मास्तर

हे वाचून आमच्याकडचा बोहाडा आठवला. जव्हार-मोखाड्याकडे रात्र रात्र देवादिकांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचतात, आणि गावातली चिल्लीपिल्ली तिथेच कोपऱ्यात झोपतात, उठतात, परत बघतात. कोणी 'परिचय करून' देत नाही. टोकियोत ते शक्य नाही हे मान्य.

खारूताई_क्योतो

मास्तर, इथेही खेड्यात थोडंफार तसं आहे. यामागाताच्या कुरोकावा गावात शेतकरीच पिढ्यानपिढ्या नोह करतात, फेब्रुवारीच्या 1 आणि 2 तारखेला देवाचा उत्सव असतो, रात्रभर चालतो आणि सुरुवात करतो एक लहानसा मुलगा, जमिनीवर पाय आपटून. बाहेर बर्फ.

आणि मराठी पोरांना हमखास भिडणारं एक नोह सांगायचं राहिलंच. 'इक्काकु सेन्निन', म्हणजे एकशिंग्या ऋषी. घडतं कुठे? भारतात, वाराणसीच्या राज्यात! हरिणीच्या पोटी जन्मलेला, कपाळावर शिंग असलेला ऋषी पावसाच्या ड्रॅगनदेवांशी भांडून त्यांना गुहेत कोंडतो, पाऊस बंद. राजा सुंदर बाईला पाठवतो, ती ऋषीला दारू पाजते, नाचवते, त्याची शक्ती जाते, खडक दुभंगतो आणि आतून ड्रॅगन बाहेर पडतात. ओळखलं का कोणी?

चकली_विदाऊट_भाजणी

ऋष्यशृंग!!! रामायणातला! अंगदेशात रोमपादाच्या राज्यात दुष्काळ, गणिका जाऊन त्याला घेऊन येतात आणि तो आल्याबरोबर पाऊस. पुढे दशरथाकडे यज्ञाला येतो तोच ना? अंगावर काटा आला.

खारूताई_क्योतो

तोच. बौद्ध कथांतून चीनमार्गे इकडे आला, नोह झाला, पुढे काबुकी नाटकात 'नारुकामी' झाला. फरक एवढाच की आपल्याकडे त्याच्या येण्याने पाऊस पडतो, इकडे तो हरल्यावर पडतो. आणि तो दुभंगणारा खडक रंगमंचावर खरंच दोन भागांत उघडतो, आतून निघणारे ड्रॅगन बहुतेक वेळा कोकाता असतात, म्हणजे मुलंच. हे काही नेहमी लागत नाही, पण वेळापत्रकात दिसलं तर हातातलं काम टाकून तिकीट काढ. याची गोष्ट मात्र आजीकडून आधी ऐकवून ठेव, मी वर जे 'गोष्ट सांगू नका' म्हटलं त्याला हा अपवाद.

सईची_आई

मला हा 'गोष्ट सांगू नका'वाला सल्ला तितकासा पटत नाही. सईला गोष्ट माहीत नसली की ती दर दोन मिनिटांनी विचारते आता कोण आलं, आणि नोहच्या सभागृहात कुजबुज सुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत जाते. आम्ही एका ठिकाणी (नाव नको) अक्षरशः मागे वळून बघणाऱ्या मानांचा तो अनुभव घेतला आहे. चार ओळीत गोष्ट सांगा, शेवट सांगू नका, एवढं करून बघा.

खारूताई_क्योतो

हे चालेल. मूल बघून ठरवा.

शमिका_निशीकसाई

कसले सुंदर प्रतिसाद आहेत, नवऱ्याला सगळा धागा वाचायला लावला, तो म्हणाला नावाडी आणि कोळी असेल तर मी येतो. फुग्याचा मुखवटा वाळत घातला आहे, धाकट्याने त्याला मिशी काढली. आता फक्त व्यवहाराचं सांगा, कुठे, कोणती सीट, धाकट्याला नेऊ का?

टोझाई_लाईनवाला

व्यवहाराचं मी सांगतो, शेजारच्याच स्टेशनवर राहतो. सेंदागायाचं नॅशनल नोह थिएटर घ्या. 1983 चं आहे, समोरच्या सीटच्या पाठीला छोटा स्क्रीन असतो, त्यावर जपानी किंवा इंग्रजीत संवाद येतात, लेकीला जपानी वाचता येत असेल तर तिच्यासाठी तेच बरं. ऑगस्टच्या सुट्टीत ते पालक-मुलांसाठी वेगळे खेळ ठेवतात, आधी कलाकार बोलतात, वाद्यं दाखवतात, मग क्योगेन किंवा छोटं केलेलं नोह. पहिली वेळ तीच साधा. तिकिटं खुली झाली की लगेच काढा, रेंगाळू नका.

सीट: समोरच्या महाग. मधल्या तिरप्या भागातल्या स्वस्त, कारण तो वर चर्चा झालेला खांब बरोबर नाकासमोर येतो, मुलांना तिथे नको. डावीकडच्या बाजूच्या सीट घ्या, पूल अगदी जवळ असतो, भूत जाताना कपड्याचा आवाज येतो. धाकट्याला नेऊ नका, नेहमीच्या खेळांना शाळेआधीच्या मुलांना बऱ्याचदा प्रवेशच नसतो, तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. क्योगेन झालं की मध्यंतर असतं, लेक कंटाळली तर तिथून सरळ निघा, कोणी काही म्हणत नाही. मध्यंतरात लॉबीत खायचं, आत नाही.

निशीकसाईहून तोझाई लाईनने ईदाबाशी, तिथे पिवळ्या पट्टीच्या जेआर सोबू लोकलमध्ये बदला, सेंदागायाला उतरून पाचेक मिनिटं चाल. त्या स्टेशनच्या समोरच मोठं जिम्नॅशियम आहे, रविवारी मॅच असली तर गर्दी भयंकर, अर्धा तास हातात ठेवून निघा.

नान्या_सदाशिव

ऑगस्टमध्ये भाचीकडे टोकियोला यायचं चाललंय. त्या पालक-मुलांच्या खेळाला मूल बरोबर नसलेला माणूस चालतो का?

शमिका_निशीकसाई

आमची घेऊन जा, ती तुम्हाला झोपू देणार नाही :)